विणकाम खात्याचे दार

पालक-मेळाव्यात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. पंचवीस वर्षांपूर्वी पालक विचारीत, "गुरुजी, पोराला डी.एड.ला घालू की पोलीस भरतीला?" नंतर एमपीएससीच्या क्लासची चौकशी होऊ लागली. आता विचारतात, "कोडिंगचं बूटकॅम्प म्हणून काही असतं, तिथं सात-आठ महिने काढले की पोरगं गूगल-अ‍ॅमेझॉनला लागतं म्हणे. खरं हाय का?" विचारणारा बाप शेतमजूर असतो, रिक्षा चालवणारा असतो, नगरपालिकेचा सफाई कामगार असतो. त्याच्या मोबाईलवर एक जाहिरात आलेली असते: आधी फी नाही, नोकरी लागल्यावर द्या. ज्याला आजवर दुकानदाराने पोतेभर धान्यही विश्वासाने उधार दिलेले नाही, त्याला ही भाषा मोहात पाडणारच.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणून मिटवण्यासारखाही नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे. संगणकाची भाषा मला अवगत नाही. परंतु एखादा वंचित समाज नव्या रोजगाराच्या दाराशी येऊन उभा राहतो तेव्हा काय काय घडते, हा माझ्या विषयाच्या कक्षेतील प्रश्न आहे, आणि त्याच अधिकाराने मी लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात जावे, मोठ्यातल्या मोठ्या कंपनीत जावे, बूटकॅम्पच्या वाटेने गेली तरी हरकत नाही. मात्र पदवी अर्धवट टाकून, करार न वाचता आणि एकट्याने त्यांनी जाऊ नये. यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पाळण्याची जबाबदारी मुलांची नसून आपली, म्हणजे या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची आणि समाजबांधवांची आहे.

आपल्या आधुनिक इतिहासाची मांडणी अनेक अंगांनी करता येते. रोजगाराच्या दारांच्या अंगानेही ती करता येते. त्यांतील पहिले मोठे दार लष्कराचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे आजही वाचता येतात. या दाराचे खरे महत्त्व मात्र पगारात नव्हते. फौजेबरोबर शाळा आली, शाळेबरोबर अक्षर आले, आणि अशाच एका लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सुभेदार रामजी सकपाळांनी भूषवले. १८९०च्या दशकाच्या आरंभी 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धान्ताचा आधार घेऊन इंग्रजांनी हे दार लावून घेतले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी करण्यात आली आणि युद्ध संपल्यावर मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, महार रेजिमेंट उभी राहिली. धन्याची गरज पडली की दार उघडते आणि गरज सरली की लागते, हा अनुभव तंत्रज्ञान कंपन्यांकडे पाहतानाही विसरता कामा नये. २०२२ च्या अखेरीपासून मेटाने आधी अकरा हजार आणि पुढे दहा हजार, गूगलने बारा हजार, मायक्रोसॉफ्टने दहा हजार, अ‍ॅमेझॉनने अठरा हजार व त्यावर आणखी नऊ हजार माणसे कमी करण्याची घोषणा केली, ती साऱ्या जगाने पाहिली. २०२५ मध्ये आपल्या टीसीएसनेही सुमारे बारा हजारांचा आकडा जाहीर केला.

दुसरे दार गिरण्यांचे. येथे मला अधिक थांबायचे आहे, कारण आजच्या प्रश्नाची किल्ली मला येथे सापडते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. पण ते बहुतांशी सूतकताईच्या बाजूला. विणकाम खात्यात मजुरी अधिक, आणि नेमका तेथे त्यांना मज्जाव. कारण ऐकले तर आजचा विद्यार्थी चकित होतो. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणजे विटाळ होणार! कामाची एवढीशी सवय, आणि तिच्या आधारावर हजारो कुटुंबांची मिळकत कायमची खालच्या पायरीवर अडकून पडली. आणि हा अडसर नुसता मालकाच्या कचेरीतून आलेला नव्हता. त्याचे बळ शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या सवर्ण कामगाराच्या हरकतीत होते. एरवी तो कामगार याच लोकांबरोबर मोर्चात चालत होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांपुढे हा प्रश्न ठेवला: विणकाम खाते आमच्या लोकांना खुले करण्याची मागणी तुमच्या मागणीपत्रात का नाही? ती घेतली नाही तर आपले लोक संपात राहणार नाहीत, असे सुनावल्यावर नेत्यांनी ती नाइलाजाने घेतली.

या प्रसंगाकडे आपण बहुधा साम्यवाद्यांशी झालेल्या वादाचे एक प्रकरण म्हणून पाहतो. मी वर्गात तो वेगळ्या हेतूने शिकवतो. गिरणीचे फाटक उघडे होते, हे त्यातून ध्यानात घ्यायचे. फाटकातून आत गेलेल्या माणसाला आत आणखी एक दार लागले, आणि त्या दारावर पाटी नव्हती. पाटी असलेल्या दाराविरुद्ध सत्याग्रह करता येतो, कायदा करता येतो. पाटी नसलेले दार आधी दाखवून द्यावे लागते, आणि ते दाखवून देणाऱ्यालाच भांडखोर ठरवले जाते.

तिसरे दार सरकारी नोकरीचे, जे आपण राखीव जागांमुळे ओलांडले. येथे एका कमी वाचल्या जाणाऱ्या दस्तऐवजाकडे लक्ष वेधतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाल्यावर काही महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी सरकारला एक निवेदन दिले. त्यात शिक्षणासंबंधी त्यांचे म्हणणे स्पष्ट आहे: कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भागणार नाही, त्याला गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची, आणि त्याचा खर्च सरकारने उचलला पाहिजे. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी आहे. जो माणूस स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचा पंडित होता, तो १९४२ साली आपल्या पोरांना यंत्रशाळेत पाठवा म्हणत होता! त्यांच्या नावाने चालणाऱ्या शाळांतील आम्ही कला शाखेचे पदवीधर शिक्षक तीन पिढ्या मुलांना बी.ए. आणि स्पर्धा परीक्षेकडेच वळवीत राहिलो, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. पुण्यातील अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली, जाहिरात कधी निघते याची वाट पाहणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

बूटकॅम्प हा शब्द मुळात लष्करी. नव्या रंगरुटांच्या कवायतीची छावणी. २०११-१२ च्या सुमारास अमेरिकेत शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत या नावाच्या खासगी शाळा निघाल्या. कल्पना साधी होती: चार वर्षांच्या पदवीत जे अनेक विषय असतात ते बाजूला ठेवायचे आणि संकेतस्थळे बनवण्यासाठी बाजारात जे लागते तेवढेच तीन-चार महिन्यांत, सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवायचे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एखादा डेटाबेस, गिट. सुरुवातीला निकाल चांगले आले, कारण येणारे विद्यार्थी बहुधा आधीच पदवीधर आणि इंग्रजी बोलणारे होते, आणि बाजार तेजीत होता. पुढे दुकाने वाढली, तसे घोटाळेही वाढले. या शाळांत अगदी आरंभीची गणली जाणारी सॅन फ्रान्सिस्कोची 'डेव्ह बूटकॅम्प' २०१७ मध्ये बंदही झाली.

त्याच वर्षी 'लॅम्बडा स्कूल' सुरू झाली आणि तिने पगारातून फी वळती करण्याच्या कराराला प्रसिद्धी दिली. वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर पगार मिळाला की दोन वर्षे त्यातील सतरा टक्के द्यायचे, कमाल तीस हजार डॉलरपर्यंत. शाळा सांगे की हे कर्ज नाही. विद्यार्थी यशस्वी झाला तरच आम्हाला पैसे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने या संस्थेवर कारवाई केली. तोवर तिने नाव बदलून 'ब्लूमटेक' केले होते. विभागाचा निष्कर्ष असा की हे कर्जच होते आणि त्यातील आकार विद्यार्थ्यांपासून लपवला गेला होता. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते असे सांगितले जात होते. संस्थेच्या आतल्या नोंदींत हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास होते आणि काही तुकड्यांत तीस टक्क्यांपर्यंत घसरले होते. संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची, तर तिच्या प्रमुखाला विद्यार्थी कर्जाच्या व्यवहारात दहा वर्षांची बंदी झाली.

सावकारी पाशाचा इतिहास शिकवताना मी मुलांना सांगतो की कुळाला बुडवणारा कागद नेहमी मदतीच्या भाषेत लिहिलेला असतो. आपल्याकडेही 'नोकरीनंतर फी'चे करार आता सर्रास आहेत. सगळेच फसवे आहेत असे माझे म्हणणे नाही. या वाटेने गेलेली आणि चांगल्या नोकरीत स्थिरावलेली मुले आहेत. पण कागद वाचावा लागतो. त्यात 'नोकरी' म्हणजे काय धरले आहे? कोडिंगशी संबंध नसलेली विक्रीची किंवा कॉल सेंटरची नोकरी लागली तरी फी सुरू होते का? किती पगारापासून? मध्येच अभ्यास सोडावा लागला तर किती द्यायचे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे संस्थेलाच द्यायचे आहेत की कुठल्या वित्त कंपनीच्या कर्जावर आपली सही घेतली जात आहे? कर्ज असेल तर नोकरी लागो वा न लागो, हप्ता चुकत नाही. आई-बापाचा अंगठा किंवा सही सहकर्जदार म्हणून मागितली गेली तर ती फी नव्हे, ते कर्ज, एवढे तरी प्रत्येक पालकाने ओळखावे.

आणि एक गोष्ट आपल्या पालकांना कोणी सांगत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते. बूटकॅम्प यात बसत नाही. शासकीय वसतिगृह, शिष्यवृत्ती, राखीव जागा ही जी शिडी तीन पिढ्यांच्या संघर्षाने उभी राहिली, तिची एकही पायरी या बोळात नाही. १९४२ मध्ये बाबासाहेब म्हणत होते की तंत्रशिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा. ऐंशी वर्षांनंतर तो खर्च आपल्याच पोरांच्या न मिळालेल्या पगारावर टाकला जात आहे, आणि ही सोय म्हणून विकली जात आहे.

समजा, अभ्यासक्रम पुरा झाला. पुढे काय? जाहिरातीतील 'बूटकॅम्प ते गूगल' ही उडी अपवाद आहे. माझ्या माहितीतील जी मुले मोठ्या कंपन्यांत पोचली ती बहुतेक आधी छोट्या कंपनीत किंवा सेवा देणाऱ्या कंपनीत दोन-तीन वर्षे राबली, मग पुढे गेली. कारण असे की बूटकॅम्प जे शिकवते आणि मोठी कंपनी जे तपासते त्यांत अंतर आहे. बूटकॅम्प संकेतस्थळ बांधायला शिकवते. मोठी कंपनी आधी अर्ज चाळते, मग ऑनलाइन चाचणी घेते, मग चार-पाच मुलाखती. आणि त्यांत विचारते ती कोडी. माहिती कशी रचली म्हणजे कमी वेळात सापडेल, दोन ठिकाणांतील जवळचा रस्ता कसा काढायचा, एक कोटी नोंदी असतील तर तुमची पद्धत टिकेल का. हा गणिती विचार आहे आणि तो तीन महिन्यांत येत नाही. रोज दोन तास, वर्ष-दीड वर्ष सराव केला तर येतो. त्यासाठी फी भरावी लागत नाही. आयआयटींच्या एनपीटीईएलवरील व्याख्याने, हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा अभ्यासक्रम, फ्रीकोडकॅम्प, हे सारे विनामूल्य उपलब्ध आहे. अलीकडे भर पडली आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि शिकाऊ उमेदवाराला जी किरकोळ कामे हात बसवण्यासाठी दिली जात ती यंत्राकडून करून घेण्याकडे कंपन्यांचा कल वाढला. खालची पायरी अरुंद झाली आहे. म्हणून वरवरचे शिकलेला यापुढे टिकणे कठीण. मुळातून शिकलेला टिकेल.

या मुलाखतीत आणखी एक गोष्ट तपासली जाते, आणि मराठी माध्यमातील आपली मुले तेथे अडखळतात. उत्तर बरोबर येऊन भागत नाही. विचार करता करता तो मोठ्याने, इंग्रजीत, समोरच्याला सांगावा लागतो. ज्या मुलाला लहानपणापासून "गप बस, मोठ्यांसमोर बोलू नको" असे गावाने शिकवले आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने मला सांगितले की तिला कोडे सुटत असे, पण समोरचा माणूस "मोठ्याने विचार करा" म्हणाला की घसा कोरडा पडे. तिने काय केले? वसतिगृहातील जुन्या मैत्रिणीला फोनवर रोज एक कोडे मराठीत समजावून सांगू लागली. महिन्याने अर्धे मराठी अर्धे इंग्रजी, आणि मग इंग्रजी. पाचव्या कंपनीत निवड झाली. हा उपाय कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

आता पाटी नसलेल्या दाराकडे येतो. खासगी क्षेत्रात जात विचारत नाहीत, फक्त गुणवत्ता पाहतात, असे आपल्याला सांगितले जाते. प्राध्यापक सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रातील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश भरली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की हे अधिकारी जातीचे नावही घेत नाहीत. ते उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतात. वडील काय करतात? भाऊ कुठे आहेत? धोट्याचा धागा तोंडाने ओढण्याची सवय आणि मुलाखतीतील हा साधासा प्रश्न यांत मला फार अंतर दिसत नाही.

आजच्या कंपन्यांत याच्या जोडीला शिफारस आली आहे. कंपनीत आधीच काम करणाऱ्याने 'रेफर' केलेला अर्ज वर येतो. इतरांचा ढिगाऱ्यात राहतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. ज्याच्या मामाचा, वर्गमित्राचा, सोसायटीतील शेजाऱ्याचा मुलगा आत आहे, त्याचा अर्ज वर जातो. आपल्या मुलाला असा मामा नसतो, एवढेच. शिवाय अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी साठ टक्के मागतात. ज्या मुलीने दहावीच्या वर्षी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे धाकटी भावंडे सांभाळली, तिचे ५७ टक्के संगणक एका क्षणात बाजूला काढतो. त्या संगणकाला जात ठाऊक नाही, हे खरे.

आणि समुद्र ओलांडला म्हणजे हे संपते काय? १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले आणि जातीबाहेरच्या जगाचा अनुभव त्यांना प्रथम मिळाला. त्यानंतर शतकभराने जात स्वतःच तेथे विमानाने पोचली. कॅलिफोर्नियाच्या राज्य विभागाने २०२० मध्ये सिस्को या कंपनीवर खटला भरला. एका दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीमुळे डावलले, तो आयआयटीत राखीव जागेवरून आला होता हे सहकाऱ्यांत उघड केले, असा आरोप होता. सिस्कोने आरोप नाकारले. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरील दावा विभागाने मागे घेतला. तरीही या प्रकरणाने दबलेला आवाज मोकळा केला. २०२२ मध्ये गूगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीविषयीचे व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे रद्द झाले, आणि ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. अ‍ॅपलने मात्र आपल्या नोकरीविषयक धोरणात 'जात' हा शब्द स्पष्टपणे घातला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या तशाच विधेयकावर राज्यपालांनी सही करण्यास नकार दिला. म्हणजे दार आता निदान दाखवून देण्यात आले आहे. १९२८ मध्ये मुंबईत जे झाले, ते तिकडे आत्ता होत आहे.

यावरून काही तरुण असा निष्कर्ष काढतात की आडनाव बदलावे, मनगटावरील निळा धागा काढावा, कोणी विचारले तर गावाचे नाव सांगून वेळ मारून न्यावी. मी त्यांना दोष देणार नाही. पोटावर बेतलेल्या माणसाने कोणत्या क्षणी गप्प राहावे हे त्याला बाहेरून सांगणे सोपे असते. मला त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीचा. आत गेलेल्या आपल्या दोन माणसांना एकमेकांची ओळखही नसते. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, दोघेही गप्प.

म्हणून 'एकट्याने जाऊ नये' या माझ्या अटीकडे येतो. पण आधी पदवीविषयी दोन वाक्ये. बूटकॅम्पसाठी पदवी सोडू नये, कारण आपल्या मुलाच्या बाबतीत पदवी हा संशयाविरुद्धचा पुरावा असतो. ज्याच्या आडनावाला समाजाने आधीच गुण बहाल केलेले आहेत तो कॉलेज सोडून गेला तर त्याला धाडसी म्हणतात; आपला मुलगा सोडून गेला तर नापास म्हणतात. शिवाय अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता दाखवावी लागते; बूटकॅम्पच्या प्रमाणपत्राने ते काम होत नाही. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम आहे, त्याला जेईई लागत नाही आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत आहे. या अभ्यासक्रमाची माहिती आपल्या गावांत अजून पोचलेली नाही, हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. बारावीनंतर विनाशुल्क शिकवणारे मार्गही आहेत. झोहो कंपनीने २००५ पासून चालवलेली शाळा शिकताना विद्यावेतन देते. 'नवगुरुकुल' ही संस्था गरीब घरांतील मुलींना निवासासह प्रोग्रॅमिंग शिकवते आणि तिचे केंद्र पुण्यातही आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हे दरवाजे ठोठावून पाहावेत.

निवासाचा उल्लेख मी मुद्दाम केला. ऑनलाइन बूटकॅम्पची एक अट जाहिरातीत लिहिलेली नसते. दिवसाचे दहा-बारा तास बसता येईल अशी जागा, अखंड वीज, चालणारे नेट आणि कोणी हाक मारणार नाही अशी शांतता. दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे आजी आजारी आहे आणि शेजारी लाऊडस्पीकर चालू आहे, तेथे मुलगा सहाव्या आठवड्यात मागे पडतो आणि दहाव्या आठवड्यात सोडून देतो. संस्था म्हणते, जिद्द कमी पडली. ज्यांनी या शाळेच्या वसतिगृहात दिवस काढले त्यांना ठाऊक आहे की आपल्याला घडवले ते जितके शिक्षकांनी, तितकेच रात्री दहापर्यंत जळणाऱ्या अभ्यासिकेतील दिव्याने. बाबासाहेबांनी शाळांच्याही आधी वसतिगृहांकडे लक्ष दिले, ते उगीच नाही.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. शाळेने जुन्या वसतिगृहाच्या इमारतीत आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी दहा खाटा, दहा टेबले आणि नेटची जोडणी राखून ठेवावी. बारावी किंवा पदवी झालेल्या मुलामुलींनी तेथे आठ-दहा महिने राहावे, कोणत्याही बूटकॅम्पचा किंवा विनामूल्य अभ्यासक्रमाचा अभ्यास करावा, भोजनशाळेत जेवावे आणि मोबदल्यात रविवारी आठवी-नववीच्या मुलांना संगणक शिकवावा. निम्म्या जागा मुलींसाठी असाव्यात; लग्नाचे वय झाले म्हणून ज्यांचा अभ्यास आधी थांबतो त्या त्याच असतात. खर्च किती? नव्या सभागृहाच्या प्रवेशद्वारावरील कमानीसाठी जी रक्कम जमा होत आहे तिच्यापेक्षा बराच कमी. कमानीला माझा विरोध नाही. क्रम उलटा आहे एवढेच म्हणतो.

दुसरे असे की शाळेचे माजी विद्यार्थी असलेले वकील जिल्ह्यात आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी शाळेत बसावे आणि पालक जो करार घेऊन येतील तो ओळ न् ओळ वाचून मराठीत समजावून सांगावा. सही करा वा करू नका, असे सांगण्याचीही गरज नाही. अर्थ सांगितला तरी पुरे.

तिसरे काम कंपन्यांत असलेल्या माजी विद्यार्थ्यांचे, आणि त्यांच्याविषयी मला थोडे कठोर बोलावेसे वाटते. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा बोलून दाखवली तिची आठवण दर चौदा एप्रिलला व्यासपीठावरून करून दिली जाते आणि त्यावर टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारा घरी जातो. मला व्यासपीठावरील देणगी नको आहे. प्रत्येकाने वर्षाला दोन मुलांची सराव-मुलाखत घ्यावी, अर्ज तपासून द्यावा, आणि मुलगा लायक असेल तर आपल्या नावाने त्याची शिफारस करावी. ही लबाडी नाही. इतर सर्वजण हेच करतात आणि त्याला ओळखीपाळखी म्हणतात. नालायकाची शिफारस करू नये, हे वेगळे सांगायला नको. आपल्या एकाच्या अपयशाचा हिशेब आपल्या सर्वांकडून मागितला जातो.

कामाच्या स्वरूपाविषयीही एक शंका मनात येते. तथागतांनी सम्यक आजीविका सांगताना शस्त्रे, विष, मद्य, मांस आणि जिवंत प्राण्यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. आपली मुलगी ज्या अ‍ॅपसाठी रात्र जागवते ते अ‍ॅप गावातील पोरांना पैशाचा जुगार शिकवत असेल तर? याचे उत्तर मी देत नाही, आणि पहिल्याच पगाराची वाट पाहणाऱ्या घराला तो प्रश्न विचारतही नाही. पाच वर्षे स्थिरावलेल्यांनी मात्र तो स्वतःला विचारावा, आणि निवड करण्याइतके बळ आले असेल तर करावी.

या दहा खाटांचा विषय संस्थेच्या कार्यकारिणीपुढे ठेवण्यासाठी मी लेखी अर्ज दिला आहे. सराव-मुलाखती घेण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनी आपले नाव, कंपनी आणि महिन्यातील कोणता रविवार मोकळा आहे ते शाळेच्या कार्यालयात लेखनिकांकडे नोंदवावे. वकिलांसाठी वेगळी वही ठेवली आहे.